अक्षरांचा खेळ मांडणाऱ्या ताराबाई मोडक

आमच्या भेस्तानमध्ये सकाळी शाळेकडे निघालेल्या मुलामुलींपैकी कित्येकांच्या हाती धाकट्या भावंडाचे बोट असते. त्या भावंडास वाटेवरील अंगणवाडीत सोडावयाचे आणि मग आपण घंटेपूर्वी शाळा गाठावयाची, हा अनेकांचा नित्यक्रम होय. अंगणवाडीच्या पाटीवर तो शब्द शिरोरेषा नसलेल्या गुजराती अक्षरांत रंगविलेला असतो. घरी आपण तोच शब्द मराठी म्हणून उच्चारतो. दोन्ही भाषांनी आपला मानलेला हा शब्द ज्यांच्या कार्यातून रूढ झाला, त्या ताराबाई मोडक ह्यांचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्यांच्या आयुष्याची दोन प्रमुख कर्मक्षेत्रे आपल्या गावाच्या दोन बाजूंना आहेत. एक खंभातच्या आखातापलीकडील भावनगर. आणि दुसरे, भेस्तान स्थानकावरून दक्षिणेकडे सचिन, नवसारी, बिलिमोरा, वलसाड, वापी, संजाण अशी स्थानके मागे टाकीत उंबरगावनंतर महाराष्ट्राची हद्द ओलांडली की येणारा घोलवड, बोर्डी आणि कोसबाडचा परिसर. ह्या दोन ठिकाणांच्या मध्यावर राहणाऱ्या आम्हांस त्यांचे चरित्र सांगावेसे वाटले, तर ते स्वाभाविकच आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थना समाजाच्या कार्याशी निगडित होते, त्यामुळे घरात सुधारकी विचारांचे वारे खेळत होते. मुलींनी प्राथमिक शाळेची पायरी चढणे हीच जेथे अपूर्वाई होती, त्या काळात ताराबाईंनी १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविली. पुढे अमरावतीचे वकील मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्यांना एक कन्या झाली. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास त्या पतीपासून विभक्त झाल्या. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, ह्याची कल्पना आजच्या वाचकांस करता येईल. लहानग्या मुलीस घेऊन ताराबाई परप्रांतात, सौराष्ट्रातील राजकोट येथे गेल्या आणि तेथील बार्टन स्त्री-अध्यापन महाविद्यालयाच्या प्रमुख झाल्या.

येथे आम्हांस क्षणभर थांबावेसे वाटते. राजकोटला गेलेल्या ताराबाई विदुषी होत्या, पदवीधर होत्या. पण अवतीभवतीची भाषा मराठी नव्हती. गुजराती त्यांनी प्रौढपणी आत्मसात केली, आणि ती इतकी की पुढे त्या भाषेत त्यांनी मासिकाचे संपादन केले व ग्रंथलेखनही केले. दुकानाची पाटी एका लिपीत, शाळेचे पुस्तक दुसऱ्या लिपीत, ही आपली रोजची अवस्था आहे. खानदेशातून सुरतेच्या मागांवर आणि गिरण्यांत कामास आलेल्या आपल्या घरांतून तर आजीची अहिराणी, बाजारातील हिंदी, रस्त्यावरील गुजराती आणि शाळेतील मराठी अशा चार भाषा एकाच दिवसात कानांवर पडतात. वाचता येत असूनही समोरची पाटी वाचता न येणे हा अनुभव ज्या शिक्षिकेने स्वतः घेतला, तिला पहिल्यांदाच अक्षर पाहणाऱ्या मुलाची अडचण इतरांपेक्षा लवकर कळली असावी, असे आम्हांस वाटते.

राजकोटला असतानाच भावनगरच्या एका आगळ्या प्रयोगाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांच्या हाती इटलीतील डॉ. मारिया माँटेसरी ह्यांचे विचार आले आणि वकिली बाजूस पडली. दक्षिणामूर्ती ह्या संस्थेत ते १९१६ साली दाखल झाले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. भरघोस मिशा राखणाऱ्या ह्या गृहस्थांस लोक कौतुकाने मिशाळ आई म्हणू लागले. १९२३ साली ताराबाईंनी महाविद्यालयाचे प्रमुखपद सोडले आणि त्या गिजुभाईंच्या सहकारी झाल्या. मानाची व निश्चित वेतनाची जागा टाकून अडीच-तीन वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसावयास जाणे हे त्या काळच्या शहाण्यांना वेडेपणाचेच वाटले असणार.

तेथे त्यांनी काय पाहिले, काय केले, हे समजण्यासाठी त्या वेळची साधारण शाळा डोळ्यांसमोर आणावी लागते. पंतोजी फळ्यावर अक्षर काढणार, मुले एका सुरात ते घोकणार, पाटीवर शंभर वेळा गिरविणार आणि चुकले तर छडी खाणार. अक्षर म्हणजे भीती, ही खूणगाठ पहिल्याच आठवड्यात मनात पक्की बसे. बालमंदिरात ह्याच्या उलट घडत होते. तेथे अक्षर येण्यापूर्वी कितीतरी दिवस कानांचे आणि बोटांचे खेळ चालत.

कानांचा खेळ सोपा दिसतो, पण त्यात मोठे शास्त्र आहे. मुलांपुढे एका तबकात वाटी, दोरा, बटण, शिंपला अशा वस्तू ठेवाव्यात आणि अमुक ध्वनीने आरंभ होणारी वस्तू उचलावयास सांगावे. मूल वाटी उचलते. त्या क्षणी शब्द हा एक सलग आवाज नसून तो तुकड्यातुकड्यांचा बनलेला आहे, हे त्याला उमगते. मोठ्यांस ही गोष्ट इतकी उघड वाटते की ती शिकावी लागते ह्यावर त्यांचा विश्वास बसत नाही. परंतु वाचनाचा पाया हाच होय. ज्याला शब्दातील ध्वनी वेगळे ऐकू येत नाहीत, त्याला त्या ध्वनींची चिन्हे दाखवून उपयोग काय? पुढे हाच खेळ शब्दाच्या शेवटच्या ध्वनीवर नेता येतो, आणि मग तो आपल्या भेंड्यांच्या खेळाशी जाऊन मिळतो. भेंड्यांमध्ये कमळ शब्द आला की सारे अडतात, कारण ळ ने आरंभ होणारा शब्द मराठीत सापडत नाही. मग ळ च्या जागी ल चालेल असा तह मुले आपसांत करून टाकतात. हा तह करणाऱ्या मुलांस व्याकरणाचा एक धडा कोणी न शिकविताच येऊन गेलेला असतो.

बोटांचा खेळ माँटेसरीबाईंनी रोममध्ये १९०७ साली उघडलेल्या बालगृहात सिद्ध झाला. सुतार लाकूड गुळगुळीत करण्यासाठी वापरतो तो खरखरीत कागद कापून त्याची अक्षरे करावयाची आणि ती गुळगुळीत पुठ्ठ्यावर चिकटवावयाची. मूल डोळे मिटून त्या अक्षरावरून बोट फिरविते आणि त्याच वेळी त्याचा ध्वनी उच्चारते. कान, डोळा आणि हात हे तिघे मिळून अक्षर शिकतात. पाटीवर शंभर वेळा गिरविताना हात शिणतो. येथे हात वाट शिकतो. त्यानंतर सुट्या अक्षरांची पेटी येते. लेखणी धरण्याइतकी बोटे तयार नसली तरी पेटीतील अक्षरे शेजारी शेजारी ठेवून मूल मनातला शब्द जुळवू शकते. म्हणजे वाचनापूर्वी लेखन आणि लेखनापूर्वी जुळवणी, असा हा उलटा वाटणारा क्रम आहे. रोमच्या त्या मुलांपैकी कित्येक जण असे जुळविता जुळविता एके दिवशी एकाएकी खडूने लिहू लागली होती.

आपल्या लिप्यांत मात्र एक अडचण इटलीहून वेगळी आहे. आपले अक्षर एकटे नसते. त्याच्या मागेपुढे, वर-खाली काना, मात्रा, वेलांटी, उकार हे सोबती असतात. त्यातही पहिली वेलांटी मोठी खोडकर. उच्चारात ती व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी जाऊन बसते. दिवा हा शब्द पेटीतील तुकड्यांनी जुळविताना मूल आधी द ठेवते, मग वेलांटी त्याच्या उजवीकडे ठेवू पाहते, आणि त्यात त्याचे कान अगदी बरोबर असतात. चूक लिपीच्या रिवाजाची असते, मुलाची नव्हे. परदेशी साधने जशीच्या तशी उचलून चालत नाही, त्यांची देशी घडण करावी लागते. बालमंदिरात ती घडण झाली. तिच्या जोडीस लोकगीते, बडबडगीते, गोष्टी आणि नाटुकली आली. गोष्ट ही माँटेसरीबाईंच्या पद्धतीत मागे राहिलेली गोष्ट होती; गिजुभाई आणि ताराबाई ह्यांनी तिला पुढच्या पाटावर बसविले. आमच्या मते हे त्यांचे फार मोठे शहाणपण होते.

ह्या खेळांपैकी आम्हांस सर्वांत आवडणारा खेळ चिठ्ठीचा. अक्षरे जुळू लागली की एका टोपलीत लहान लहान चिठ्ठ्या ठेवतात. प्रत्येकीवर एखादी आज्ञा. दार लाव, खिडकीशी उभा राहा, दोन टाळ्या वाजव. मूल चिठ्ठी उचलते, मनातल्या मनात वाचते आणि न बोलता ती कृती करते. बाकीची मुले तिच्यावर काय लिहिले असेल ते ओळखतात. मोठ्याने वाचून दाखविण्याचा दरारा नाही, शिक्षकाने अर्थ विचारण्याचे कारण नाही. टाळ्या दोनच वाजल्या म्हणजे वाचन समजले. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पहिली-दुसरीतील भावंड आहे, त्यांनी जुन्या वहीच्या कागदावर अशा दहा चिठ्ठ्या लिहून एका संध्याकाळी हा खेळ करून पाहावा. त्यात एखादी चिठ्ठी आजीला पाणी दे अशी असली, तर आजीही खेळात येईल.

भावनगरला ताराबाईंनी सुमारे नऊ वर्षे काढली. १९२६ साली गिजुभाई व त्यांनी मिळून नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाचे मुखपत्र शिक्षणपत्रिका गुजरातीत निघत असे. ताराबाई मुंबईस परतल्यावर त्यांनी १९३३ पासून तिची मराठी आवृत्ती चालविली. १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झाला आणि बालशिक्षकांस तयार करणारे अध्यापन मंदिरही उभे राहिले. मुलांची तयारी होण्यापूर्वी त्यांच्यावर अक्षरांची सक्ती करू नये, हा विचार त्यांनी मराठी आईबापांपुढे चिकाटीने मांडला. तो पूर्णपणे रुजला असे आजही म्हणवत नाही. मूल बालवाडीत जाऊ लागून आठ दिवस होत नाहीत तोच त्याच्याकडून बाराखडी म्हणवून घेण्याची घाई आपल्याही घरांत दिसते.

दादरचा शिशुविहार चांगला चालला होता. तेथेच त्या राहिल्या असत्या तर एका नामांकित संस्थेच्या संस्थापिका म्हणून त्यांचे आयुष्य सुखाने सरले असते. पण एक प्रश्न त्यांस स्वस्थ बसू देत नव्हता. हे सारे सुंदर शिक्षण लाभत होते ते शहरातील खाऊनपिऊन सुखी अशा घरांच्या मुलांस. ज्यांच्या घरी अक्षराचा वाराही नाही, त्या खेड्यांतील मुलांचे काय? गांधीजींच्या विचारांची ओढ त्यांस होतीच. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, १९४५ च्या डिसेंबरात, त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी ह्या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. आचार्य भिसे ह्यांच्यासारखे शिक्षणप्रेमी तेथे आधीपासून काम करीत होते. त्या काळी आपला सुरत जिल्हा आणि तो ठाणे जिल्हा हे दोन्ही एकाच मुंबई इलाख्यात होते. बोर्डी-कोसबाडचा मुलूख २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडतो.

बोर्डीस त्यांच्या मदतीस आल्या अनुताई वाघ. अनुताईंना बालवयातच वैधव्य आलेले. पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका म्हणून त्यांनी काम केले होते. ह्या दोघींची जोडी पुढे ताराबाईंच्या अखेरपर्यंत टिकली.

आणि येथे, इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर, ताराबाईंस पुन्हा पहिल्या इयत्तेत बसावे लागले. शाळा उघडली, साधने मांडली, पण वस्तीतील गरीब घरांची मुले येईनात. आईबाप पहाटे कामावर जात; मुलास उठवून, न्हाऊ घालून, वेळेवर शाळेत पाठविणार कोण? शाळा नावाच्या जागेचे भयही होतेच. बोलावूनही मुले येत नाहीत असे पाहिल्यावर ताराबाईंनी मुलांस वा आईबापांस दोष दिला नाही. शाळाच उचलून वस्तीत नेली. हरिजन वस्तीतील एखाद्या घरासमोरचे अंगण झाडून तेथे खेळ मांडावयाचा, मुलांचे हातपाय धुवावयाचे, केस विंचरावयाचे, गाणे म्हणावयाचे. घराच्या अंगणात भरणारी वाडी, म्हणून अंगणवाडी. जे अंगण मुलाच्या ओळखीचे, तेथे पळून जाण्याचा प्रश्नच उरला नाही.

दुसरी अडचण साधनांची. माँटेसरी पद्धतीची रंगीत ठोकळ्यांची, पेट्यांची सामग्री महाग असते आणि खेड्यात ती आणावयाची कोठून? ताराबाईंनी ती मोहाने धरून ठेवली नाही. गारगोट्या, शिंपले, बिया, पाने, फुले, काटक्या हीच त्यांची सामग्री झाली. मोजावयास चिंचोके, रंग ओळखावयास फुले, आकार ओळखावयास पाने. शब्दांचे खेळही ह्यातच बसतात. मोहाची फुले, मोराचे पीस, माशाचा काटा आणि मातीचा गोळा समोर ठेवले की म ह्या ध्वनीचा पाठ आपोआप तयार होतो, आणि त्यातील एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. ज्या पद्धतीची वीसहून अधिक वर्षे उपासना केली, तिचे बाह्य रूप सोडून देऊन आतले सत्व तेवढे ठेवणे, हे विद्वान माणसांस फार कठीण जाते.

तिसरी अडचण सर्वांत खोल होती, ती भाषेची. १९५७ साली केंद्राचे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील बहुसंख्य मुले वारली समाजाची. पुस्तकातील मराठी आणि वारली घरातील बोली ह्यांत अंतर होते. ग गणपतीचा म्हणावयाचे, तर गणपतीचे चित्र ज्या घरात नाही तेथील मुलास तो ग परकाच राहतो. आपल्या अनुभवाने पाहू. खानदेशी घरातील मूल मुलास आंडोर आणि मुलीस आंडेर म्हणते. पहिल्या दिवशी त्यास हे शब्द चूक आहेत असे सांगितले, तर ते गप्प बसेल. आणि आंडोर, आंडेर, आंबा ह्या तिघांचा आरंभ एकच आहे असे दाखविले, तर ते चौथा शब्द स्वतः शोधून आणील. शब्दखेळ मुलाच्या तोंडी असलेल्या शब्दापासून सुरू झाला तरच तो खेळ होतो. नाही तर तो खेळाचे कपडे घातलेला पाठच. वारली मुलांच्या परिचयाच्या गोष्टी, त्यांची गाणी, नाच, त्यांच्या भोवतीचे रान ह्यांनाच शाळेत जागा देऊन ताराबाई व अनुताई ह्यांनी ही दरी हळूहळू बुजविली.

तरीही काही मुले येत नसत, कारण ती गुरे राखावयास जात. तेव्हा शाळा कुरणात गेली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली बसली आहेत आणि शिक्षिका मातीवर काटकीने अक्षर काढीत आहे, अशी ती कुरणशाळा. मोठ्या मुली येत नसत, कारण त्यांच्या कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि थोरली बहीण वर्गात. सकाळी भावंडास अंगणवाडीत सोडून शाळेत येणाऱ्या आमच्या मैत्रिणींस ह्या योजनेचे मोल वेगळे सांगावयास नको.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण देऊन गौरविले. तेव्हाही त्यांचे वास्तव्य कोसबाडलाच होते. १९७३ साली त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने लहान मुलांसाठी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेच नाव दिले. बोर्डीच्या वस्तीतील अंगणात जन्मलेला शब्द असा देशभर गेला आणि फिरून आपल्या भेस्तानच्या पाटीवर येऊन बसला. कोसबाडच्या टेकडीवरील काम अनुताईंनी पुढे चालविले. १९९२ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्या तेथेच, त्या मुलांमध्ये होत्या.